मुदतीच्या आत : चंदीगडमधील बालनेत्रचिकित्सेची वाटचाल

मोतीबिंदू हा शब्द उच्चारला की मराठी घरात बहुधा आजी-आजोबांची आठवण होते. डोळ्यावरची हिरवी पट्टी, नंतरचा काळा चष्मा, ‘पिकला की काढू’ म्हणत वर्षभर पुढे ढकललेली शस्त्रक्रिया, हे चित्र तीन पिढ्यांच्या ओळखीचे आहे. हाच मोतीबिंदू पाळण्यातल्या बाळाच्या डोळ्यांत जन्मतः असू शकतो, ही गोष्ट मात्र अनेक सुशिक्षित कुटुंबांनाही ठाऊक नसते. आजोबांचा मोतीबिंदू वर्षभर थांबला तरी शस्त्रक्रियेनंतर त्यांना पुन्हा वर्तमानपत्र वाचता येते. बाळाचा मोतीबिंदू वर्षभर थांबला, तर उत्तम शस्त्रक्रिया होऊनही नजर पूर्णपणे येईलच असे सांगता येत नाही. बालकाच्या दृष्टीला निसर्गाने मुदत घालून दिलेली आहे. ती मुदत गाठण्यासाठी ज्या भारतीय नेत्रतज्ज्ञांनी आयुष्ये वेचली, त्यांत चंदीगडच्या डॉ. जगत राम यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

या मुदतीचे शास्त्रीय कारण समजायला साठचे दशक उजाडावे लागले. अमेरिकेत हार्वर्ड येथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. पिलाची एक पापणी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बंद ठेवून पुढे उघडली, तर तो डोळा स्वतः निर्दोष असूनही पिलाला त्यातून जवळजवळ दिसत नसे. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ झाकला, तर मात्र काही बिघडत नसे. याचा अर्थ स्पष्ट होता. डोळा प्रतिमा मेंदूकडे पोहोचवतो. ती वाचायला मेंदूला शिकावे लागते, आणि हे शिकण्याचे वय फार लवकर सरते. या संशोधनाला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘आळशी डोळा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे मूळही येथेच आहे. आज असे मानले जाते की, जन्मतः एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल, तर तो साधारणपणे सहाव्या आठवड्यापर्यंत आणि दोन्ही डोळ्यांत असेल, तर आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत काढला जावा. बाळाची मान पुरती धरण्याआधीच त्याच्या दृष्टीचा निकाल बराचसा लागलेला असतो.

ज्या वर्षांत महाराष्ट्राचे नवे राज्य आकार घेत होते आणि गावोगावी माध्यमिक शाळांच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्याच वर्षांत फाळणीच्या जखमा अंगावर वागवणारा पंजाब आपली नवी राजधानी उभारत होता. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार वसत असलेल्या त्या चंदीगडमध्ये, मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांच्या कारकिर्दीत, १९६२ साली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली. १ एप्रिल १९६७ पासून संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. उत्तर भारतात ती केवळ ‘पीजीआय’ या नावाने ओळखली जाते. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तर प्रदेशाचा पश्चिम भाग एवढ्या विस्तीर्ण प्रदेशातून जिल्हा रुग्णालयांनी पुढे पाठवलेले रुग्ण तेथे येतात. सुरुवातीच्या दशकांत डॉ. आय. एस. जैन यांनी नेत्रविभागाचे नेतृत्व केले. पुढे डॉ. अमोद गुप्ता यांच्या काळात विभागाचा विस्तार झाला आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड आय सेंटर’ ही स्वतंत्र वास्तू उभी राहिली. डॉ. गुप्ता यांना २०१४ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. डॉ. जगत राम यांची घडण याच विभागात झाली.

जगत राम यांचा जन्म हिमाचल प्रदेशातील सिरमौर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. शिमल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस. पूर्ण करून ते पदव्युत्तर शिक्षणासाठी चंदीगडला आले आणि पुढची सारी कारकीर्द त्यांनी त्याच संस्थेला दिली. डोंगरातल्या खेड्यातून शहरातल्या रुग्णालयापर्यंतचे अंतर किती असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसावे. मूल उशिरा आले म्हणून पालकांना दोष देणे सोपे असते. त्या उशिरामागे बाळंतपणानंतरची सुटी न झालेली आई, पीक कापणीला आलेले शेत, प्रवासखर्च आणि ‘एवढ्याशा जिवाच्या डोळ्याला सुरी लावायची?’ हा आजीचा प्रश्न, अशी सारी कारणे एकत्र उभी असतात.

आजीचा प्रश्न अगदीच निराधार नव्हता. बालकाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही मोठ्या माणसाच्या शस्त्रक्रियेची लहान आवृत्ती मुळीच नसते. मोठ्या माणसाला केवळ डोळ्यापुरती बधिरता पुरते. बाळाला पूर्ण भूल द्यावी लागते, आणि काही आठवड्यांच्या बाळाला भूल देणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. बाळाचा डोळा लहान असतो. प्रौढ डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते, तर नवजात बाळाची १७ मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या भिंगाभोवतीचे आवरण लवचीक असते, शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात येणारी सूज तीव्र असते आणि काही मुलांत पुढे काचबिंदू उद्भवण्याचा धोका राहतो. ही सारी आव्हाने पेलल्यावरही एक शत्रू उरतो, तो म्हणजे मागचा पडदा.

मोतीबिंदू काढताना गढूळ झालेला गर काढून टाकतात, पण त्याच्या मागचे पातळ आवरण जागेवर ठेवतात. कृत्रिम भिंगाला त्याचाच आधार असतो. उरलेल्या पेशी वाढून हे आवरण पुन्हा गढूळ होऊ शकते. मोठ्या माणसात असे झाले, तर रुग्ण यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसतो आणि लेझरने काही मिनिटांत त्या पडद्याला छिद्र पाडता येते. बालकात मात्र या पेशी जोमाने वाढतात, पडदा जवळजवळ हमखास गढूळ होतो, आणि दीड वर्षाचे मूल लेझरयंत्रासमोर स्थिर बसत नाही. एकदा उघडलेली खिडकी अशा रीतीने दृष्टीच्या मुदतीतच पुन्हा बंद होते.

डॉ. जगत राम यांच्या संशोधनाचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो. नव्वदच्या दशकात ते अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात, चार्ल्स्टन येथील स्टॉर्म आय इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे डॉ. डेव्हिड अ‍ॅपल यांची प्रयोगशाळा होती. कृत्रिम भिंग बसवलेल्या व्यक्तींनी मृत्यूनंतर दान केलेले डोळे तेथे गोळा होत आणि भिंग नेमके कोठे बसले होते, कोणत्या पदार्थाचे होते, मागचा पडदा किती गढूळ झाला होता, याची बारकाईने तपासणी चाले. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले, तेव्हापासून अर्धशतकात झालेल्या चुका आणि सुधारणा या डोळ्यांत जणू नोंदल्या गेल्या होत्या. जगत राम आणि अ‍ॅपल यांनी सहकाऱ्यांसह २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, भिंग पूर्णपणे मूळ आवरणाच्या पिशवीतच बसवले, तर मागचा पडदा गढूळ होण्याचे प्रमाण घटते. हातोटी आणि शिस्त यांचे महत्त्व मृतांच्या डोळ्यांनी जिवंतांसाठी सिद्ध केले.

चंदीगडला परतल्यावर हा विचार बालकांपर्यंत नेणे क्रमप्राप्त होते. २००३ साली डॉ. जगत राम, डॉ. गगनदीपसिंग ब्रार, डॉ. सुष्मिता कौशिक आणि सहकाऱ्यांनी बालकांच्या शस्त्रक्रियांवरील महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मागच्या आवरणाचा मधला भाग त्याच शस्त्रक्रियेत कापून काढला आणि त्यामागच्या पारदर्शक जेलीसारख्या पदार्थाचा थोडा अंशही काढला, तर काय होते? भिंगाचा पदार्थ आणि रचना बदलल्याने किती फरक पडतो? या प्रश्नांचा त्यात मागोवा घेतला होता. लहान वयात हा जादा टप्पा पहिल्याच वेळी पार पाडला, तर प्रकाशाची वाट मोकळी राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते, ही समजूत जगभरच्या अशा अभ्यासांतून दृढ झाली. पालकांच्या भाषेत सांगायचे, तर बाळाला दुसऱ्यांदा भूल देण्याची वेळ अनेकदा टळते.

त्यानंतरचा प्रश्न अधिक वादग्रस्त होता. दोन वर्षांच्या आतील बाळाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवावे का? डोळा वाढत असतो, त्यामुळे आज अचूक असलेले भिंग दोन वर्षांनी चुकीच्या क्रमांकाचे ठरते. म्हणून शल्यविशारद वाढीचा अंदाज घेऊन मुद्दाम कमी शक्तीचे भिंग निवडतो आणि उरलेली उणीव बदलत्या चष्म्याने भरून काढतो. दुसरा मार्ग असा, की आत भिंग न बसवता बाळाला कॉन्टॅक्ट लेन्स किंवा जाड चष्मा द्यायचा. अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांवर झालेल्या अभ्यासात, पाच वर्षांनंतर दोन्ही मार्गांनी मिळालेली दृष्टी सारखीच आढळली. आत भिंग बसवलेल्या बाळांना गुंतागुंती मात्र अधिक झाल्या. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याआधीच, २००७ साली, चंदीगडच्या गटाने दोन वर्षांखालील बालकांत भिंग बसवण्याची सुरक्षितता आणि त्यातून लाभलेली दृष्टी यांचा अनुभव मांडला होता. भारतात या वादाला आणखी एक बाजू आहे. उन्हाळ्याची धूळ, पाण्याची टंचाई आणि रुग्णालयापासूनचे अंतर अशा परिस्थितीत सहा महिन्यांच्या बाळाची कॉन्टॅक्ट लेन्स रोज काढून, धुऊन, पुन्हा घालणे किती मातांना जमेल? कागदावर समान ठरणारे दोन मार्ग घराच्या उंबरठ्यावर समान राहत नाहीत. कोणत्या बाळासाठी कोणता मार्ग, हे ठरवताना त्या बाळाचे घरही विचारात घ्यावे लागते.

मोतीबिंदूची ही झुंज चालू असतानाच पीजीआयच्या दुसऱ्या एका कक्षात मुदतीची याहूनही कठोर कसोटी लागत होती. तो कक्ष होता नवजात अतिदक्षता विभाग. गर्भात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या मागच्या बाजूपासून कडेकडे हळूहळू पसरतात आणि पूर्ण दिवस भरताना कडेपर्यंत पोहोचतात. बाळ अवेळी जन्मले की ही वाढ अर्ध्यावर थांबते. पुढे रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या, तर त्या दृष्टिपटलाला ओढून सोडवतात आणि बाळ कायमचे अंध होते. या विकाराला ‘रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’, थोडक्यात आरओपी म्हणतात. १९४२ साली बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. अवेळी जन्मलेल्या बाळांना मुक्तहस्ताने दिलेला प्राणवायू त्याला कारणीभूत असल्याची शंका १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी मांडली. जीव वाचवणारा उपायच डोळे हिरावून घेत होता.

भारतात अवेळी जन्मलेली बाळे मोठ्या संख्येने वाचू लागली, तसा हा विकार येथेही दिसू लागला. पीजीआयमध्ये डॉ. मंगतराम डोगरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. अनिल नारंग यांच्या साथीने या बाळांच्या डोळ्यांची पद्धतशीर तपासणी सुरू केली. १९९५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या बाळांपैकी सुमारे ४७ टक्के बाळांत हा विकार कमी-अधिक प्रमाणात आढळला. त्यांतील बरीच बाळे उपचारांवाचून बरी होतात; ज्यांना उपचार लागतो, त्यांच्यासाठी हाती काही दिवसच असतात. येथे रुग्णाने डॉक्टरकडे जाण्याची रीत उलटी झाली. काचपेटीतल्या बाळाकडे नेत्रतज्ज्ञालाच जावे लागले.

याच कामातून २००७ साली आणखी एक मोलाचा निष्कर्ष पुढे आला. डॉ. आनंद विणेकर, डॉ. डोगरा आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. पाश्चात्त्य देशांत मुख्यतः अत्यंत कमी वजनाच्या बाळांना धोका मानला जाई. येथे मात्र १२५० ग्रॅमपेक्षा अधिक वजनाच्या बाळांतही गंभीर विकार आढळत होता. अमेरिकेचे वा ब्रिटनचे तपासणीचे निकष जसेच्या तसे उचलले असते, तर उपचारांची गरज असलेली काही भारतीय बाळे तपासणीविनाच घरी गेली असती. परक्या मापाचा सदरा आपल्या अंगाला बसत नाही, ही गोष्ट चंदीगडच्या नोंदवह्यांनी आकड्यांनिशी दाखवली. आज भारतात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा दंडक आहे; अगदी लहान बाळांची तपासणी दुसऱ्या ते तिसऱ्या आठवड्यातच करावी लागते. डॉ. विणेकर यांनी पुढे बंगळुरूच्या नारायण नेत्रालयातून २००८ साली ‘किडरोप’ हा उपक्रम उभारला. त्यात प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन कर्नाटकाच्या ग्रामीण भागातील नवजात कक्षांत जातात आणि दूर बसलेले तज्ज्ञ छायाचित्रे पाहून निर्णय देतात.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध केवळ वाचकाचा नाही. डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मिरज येथील बालमोतीबिंदूचा अभ्यास या विषयात महत्त्वाचा मानला जातो. मुले शस्त्रक्रियेसाठी किती उशिरा येतात, आणि इतक्या उशिरा आलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करण्यात अर्थ आहे का, हे त्या संशोधकांनी तपासले. उशीर दृष्टीची किंमत घेतो, हे खरे. तरीही उशिरा आलेल्या अनेक मुलांना शस्त्रक्रियेने उपयुक्त नजर मिळते, असा त्याचा आश्वासक निष्कर्ष आहे. मुदत टळली म्हणून दार लावून घ्यायचे नसते. जन्मजात मोतीबिंदू आणि आरओपी या दोन्ही विकारांचा समावेश असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही फेब्रुवारी २०१३ मध्ये याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून, सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलांची तपासणी करणारी पथके त्याच कार्यक्रमाची आहेत.

डॉ. जगत राम २०१७ साली पीजीआयचे संचालक झाले आणि २०२१ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. करोनाच्या साथीचा खडतर काळ याच कारकिर्दीतला. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मानांची यादी येथे संपवता येईल. त्यांच्या शाखेचे काम मात्र शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी संपत नाही. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपते. त्यानंतर वर्षानुवर्षे चष्म्याचे क्रमांक बदलावे लागतात, आणि आळशी डोळा कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर दिवसातून काही तास पट्टी लावावी लागते. मूल ती ओढून काढते, रडते, शेजारी हसतात, नातेवाईक सल्ले देतात. ती पट्टी रोज नेमाने लावणाऱ्या आईचा वाटा शल्यविशारदाच्या वाट्याहून कमी नसतो. कोणत्याही शोधनिबंधात तिचे नाव छापले जात नाही, पण त्यातला प्रत्येक चांगला आकडा तिच्या चिकाटीवर उभा असतो.

आणि या साखळीतला पुढचा दुवा शाळेचा आहे. एका डोळ्याने अधू असलेले मूल तक्रार करत नाही, कारण दोन डोळ्यांनी दिसते कसे, हे त्याला माहीतच नसते. ते फळ्याजवळ सरकते, वही नाकाशी धरते, मान वाकडी करून वाचते, झेल चुकवते, आणि कधी कधी ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकात घेऊन घरी जाते. तिरळा डोळा ‘भाग्याचा’ म्हणून कौतुकाने सोडून दिला जातो. बाळाच्या छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, तर तो प्रकाशाचा खेळ समजला जातो. ती मोतीबिंदूची किंवा त्याहून गंभीर अशा कर्करोगाचीही खूण असू शकते आणि त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याचे कारण ठरते. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रातील शाळांच्या पटांगणांवर गोवर-रुबेला लसीसाठी मुलांच्या रांगा लागल्या होत्या. गर्भारपणात आईला झालेला रुबेला हे बाळाच्या जन्मजात मोतीबिंदूचे एक कारण आहे. दंड चोळत वर्गात परतलेल्या त्या मुलींपैकी अनेकींनी, नकळत, पुढच्या पिढीचे डोळे राखले आहेत.

चंदीगडच्या त्या नेत्रविभागात आजही लांबच्या गावांहून पालक मुलांना घेऊन येतात. काही वेळेत पोहोचतात, काही उशिरा. साठ वर्षांत शस्त्रे बदलली, भिंगे बदलली, निकष आपल्या बाळांच्या मापाचे झाले. मुदत मात्र निसर्गाने घातली तीच राहिली आहे. ती वाढवणे कोणत्याही संस्थेच्या हाती नाही. तिच्या आत मुलाला दारापर्यंत पोहोचवणे घराच्या आणि शाळेच्या हाती आहे. पहिल्या बाकावर जागा मागणाऱ्या मुलाला ‘का रे, मागून दिसत नाही का?’ एवढे विचारणारा शिक्षक या इतिहासाचा तितकाच मानकरी ठरतो.